होळकरांनी नागपूरहून आणलेला कप्तान : कर्नल सी. के. नायडूंची गोष्ट

बऱ्हाणपूर : युरोपातल्या एखाद्या बड्या फुटबॉल क्लबनं नवा नामवंत मॅनेजर नेमला, की त्याची चर्चा आता बऱ्हाणपूर-रावेरच्या चहाच्या टपरीवरही रंगते. करार किती वर्षांचा, पैसे किती, पहिल्याच हंगामात चषक येणार का, आणि नाही आला तर गडी किती महिने टिकणार, इथपर्यंत पोरांचे हिशेब तयार असतात. मोठ्या नावाला आणणं सोपं असतं. ते नाव टिकवणं आणि त्याच्याकडून संघ बांधून घेणं अवघड.

अशीच एक नेमणूक शंभर वर्षांपूर्वी आपल्याच टापूत झाली होती. खेळ फुटबॉल नव्हता, क्रिकेट होता. मालक होते इंदूरचे होळकर. बोलावणं गेलं ते नागपूरला, कोट्टारी कनकय्या नायडू नावाच्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या खेळाडूला. साल १९२३. हा माणूस इंदूरला आला आणि इंदूरचाच झाला. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यानं शेवटचा श्वास घेतला तोही इंदुरातच. मधल्या ४४ वर्षांत तो भारताचा पहिला कसोटी कर्णधार झाला आणि एका संस्थानाच्या संघाला त्यानं मुंबईच्या तोडीस तोड उभं केलं.

नागपूरचं तेलुगू घर

नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा, नागपूरचा. घर तेलुगू, वकिलीची परंपरा असलेलं. आजोबा नारायणस्वामी नागपुरातलं नामवंत प्रस्थ. वडील सूर्यप्रकाश राव हेही वकील, विलायतेत शिकून आलेले. घरात पैसा होता, शिस्त होती आणि क्रिकेटही होतं. धाकटा भाऊ सी. एस. नायडू पुढे भारताकडून लेगस्पिन टाकणार होता.

नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. निमाड जिल्हा याच प्रांतात होता आणि बऱ्हाणपूर त्या जिल्ह्यात. म्हणजे १९५६ पर्यंत बऱ्हाणपूरची सरकारदरबारची कामं नागपूरला जात, आणि नायडू हे बऱ्हाणपूरकरांच्या राजधानीतलेच खेळाडू होते. होळकरांचं इंदूर मात्र परकं, संस्थानी मुलुख. आज बऱ्हाणपूर इंदूर विभागात आहे आणि नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं आहे. नायडू नागपूरचे की इंदूरचे, हा वाद दोन्हीकडचे क्रिकेटवेडे अजून घालतात. बऱ्हाणपूरकरांना दोन्ही बाजूंनी बोलता येतं.

नागपूरच्या मैदानांवर नायडूंची बॅट लवकर बोलायला लागली. उंच, सडपातळ, ताठ बांधा. हात लांब. चेंडू उचलून मारायचा तो कसलीही घाई न दाखवता. १९१६ साली मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत ते हिंदू संघाकडून युरोपियन संघाविरुद्ध प्रथमच मोठ्या क्रिकेटमध्ये उतरले. संघाचे सात गडी ७९ धावांत बाद झाले होते. असा प्रसंग म्हणजे नवख्यानं जीव मुठीत धरून खेळण्याचा. नायडूंनी पहिले तीन चेंडू शांतपणे अडवले आणि चौथा सीमेपार भिरकावला. मोठ्या क्रिकेटमधली त्यांची पहिली धाव म्हणजे षटकार. पुढच्या सगळ्या कारकिर्दीचा नमुनाच होता तो. आधी अंदाज घ्यायचा, मग मागे बघायचं नाही.

इंदूरचं बोलावणं

इंदूरच्या गादीवर तेव्हा तिसरे तुकोजीराव होळकर होते. त्यांनी नायडूंना बोलावून घेतलं आणि आपल्या सैन्यात अधिकारी केलं. आजच्या भाषेत सांगायचं तर पगार संस्थानाचा, हुद्दा फौजेचा आणि काम क्रिकेटचं. पुढे कर्नल हा हुद्दा त्यांच्या नावाला असा चिकटला, की इंदुरात नुसतं कर्नलसाहेब म्हटलं तरी पुरे व्हायचं.

नागपूरहून इंदूरला यायचा त्या काळचा रेल्वेचा रस्ताही बघण्यासारखा आहे. नागपूर, वर्धा, अकोला करत भुसावळ. तिथून उत्तरेकडे वळून रावेर, बऱ्हाणपूर, मग खंडवा. खंडव्याला मोठी गाडी सोडायची आणि होळकरांच्या मीटरगेजनं नर्मदा ओलांडून, घाट चढून महू-इंदूर गाठायचं. ही मीटरगेज टाकायला होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्ज दिलं होतं. म्हणजे वऱ्हाड, खानदेश, निमाड, माळवा असा सगळा मराठी-हिंदीचा सीमाभाग या एका प्रवासात येतो. नायडूंच्या संघातली पोरंही पुढे याच पट्ट्यातून आणि त्याच्या आजूबाजूनं आली.

गंमत अशी, की ज्यांनी बोलावलं ते मालकच तीन वर्षांत गेले. १९२५ च्या बावला खून प्रकरणाचे शिंतोडे उडाले आणि १९२६ मध्ये तुकोजीरावांना गादी सोडावी लागली. वारस यशवंतराव तेव्हा अल्पवयीन. मालक बदलला की मॅनेजरचीही उचलबांगडी होते, हा आजच्या फुटबॉलचा शिरस्ता. इंदुरात तसं घडलं नाही. नायडू राहिले, आणि यशवंतरावांच्या काळात तर होळकर संघाला खरे सोन्याचे दिवस आले.

अकरा षटकारांची दुपार

तुकोजीराव पायउतार झाले त्याच वर्षी नायडूंचं नाव देशभर गेलं. आर्थर गिलिगनच्या कप्तानीखाली एमसीसीचा संघ हिंदुस्थानात आला होता. १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाचा त्याच्याशी सामना होता. जिमखाना गोऱ्यांचा. तिथं हिंदी माणसाला सभासदत्वही मिळत नसे. आदल्या डावात एमसीसीच्या गाय अर्लनं तुफान फटकेबाजी करून १३० धावा कुटल्या होत्या.

नायडू खेळायला आले आणि दोन तासांच्या आत १५३ धावा करून गेले. त्यात ११ षटकार आणि १३ चौकार. बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि कचेऱ्या सोडून माणसं मैदानाकडे धावली, झाडांवर आणि गच्च्यांवर चढली, असं सांगतात. ज्या क्लबच्या आत पाऊल टाकायला मनाई, त्याच्याच छपरावर आपला माणूस चेंडू टाकतोय, हे बघायला ती गर्दी होती. एमसीसीनं नायडूंना चांदीची बॅट भेट दिली.

या दौऱ्यानं आणखी एक गोष्ट केली. हिंदी खेळाडू कसोटीच्या योग्यतेचे आहेत, याची गिलिगनला खात्री पटली. स्वतःचं नियामक मंडळ स्थापन करा, असा आग्रह त्यानं इथल्या लोकांकडे धरला. १९२८ मध्ये मंडळ स्थापन झालं आणि चार वर्षांनी भारत कसोटी खेळला.

राजांच्या गर्दीतला नोकरदार कप्तान

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी संघ निवडला तेव्हा कप्तान कोण, हा प्रश्न खेळाचा नव्हताच. कप्तान राजाच असला पाहिजे, असा तेव्हाचा संकेत. पोरबंदरचे महाराज कप्तान झाले, लिंबडीचे राजकुमार उपकप्तान. दोघांपैकी कुणीच नायडूंच्या पासंगाला पुरणारं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पोरबंदरच्या महाराजांचा मोठेपणा असा, की आपली कुवत त्यांनी ओळखली आणि महत्त्वाच्या सामन्यांतून ते स्वतः बाजूला झाले. लिंबडीकरही कसोटीला नव्हते. त्यामुळे २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटी संघाला घेऊन उतरले ते नायडू. वय ३६. एका संस्थानचा नोकर कप्तान होतोय, हे संघातल्या काहींना रुचलं नव्हतं, असं सांगितलं जातं. मैदानावर मात्र पहिल्या अर्ध्या तासात मोहम्मद निसारनं दोन्ही सलामीवीरांचे त्रिफळे उडवले, तिसरा धावबाद झाला आणि इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. लॉर्ड्सनं असली सुरुवात अपेक्षिली नव्हती.

तो सामना भारत १५८ धावांनी हरला. क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हाताला जबर मार लागला होता. त्याच हातानं त्यांनी पहिल्या डावात ४० धावा केल्या, आणि त्या डावातली ती भारताची सर्वोच्च धावसंख्या ठरली.

त्या दौऱ्यात प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी १६१८ धावा केल्या आणि ६५ बळी घेतले. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावरचा त्यांचा एक षटकार तर दंतकथा झाला आहे. मैदानालगत रिया नावाची छोटी नदी वाहते आणि तेव्हा तीच दोन काउंट्यांची हद्द होती. नायडूंचा फटका नदीपलीकडे गेला, म्हणजे मारला एका काउंटीत आणि पडला दुसऱ्या काउंटीत, असं सांगतात. सीमेवर राहणाऱ्यांना ही गोष्ट जास्त आवडावी. पुढच्या वर्षी विस्डेननं त्यांना पाच मानाच्या क्रिकेटपटूंमध्ये घेतलं. भारतीय संघाकडून खेळून हा मान मिळवणारे ते पहिले.

१९३३-३४ मध्ये जार्डिनचा इंग्लंड संघ भारतात आला. मायदेशातल्या त्या पहिल्या तीन कसोटींतही नायडूच कर्णधार होते. मुंबईच्या कसोटीत लाला अमरनाथनं भारताचं पहिलं कसोटी शतक ठोकलं तेव्हा दुसऱ्या टोकाला ६७ धावा करून त्याला सांभाळणारे नायडू होते.

मग आला १९३६ चा इंग्लंड दौरा, आणि राजेशाहीनं पुन्हा डोकं वर काढलं. विजयनगरमचे महाराजकुमार कप्तान झाले. खेळात बेताचे, पण दरबारी राजकारणात तरबेज. संघात तट पडले. अमरनाथला दौऱ्याच्या मध्यावरच घरी पाठवण्यात आलं. ४० वर्षांचे नायडू दुसऱ्याच्या हाताखाली तिन्ही कसोट्या खेळले. ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत गबी अॅलनचा चेंडू अंगावर आदळला, ते कळवळले, पण मैदान सोडलं नाही. ८१ धावा करून बाद झाले. तीच त्यांची कसोटीतली सर्वोच्च खेळी आणि तोच त्यांचा शेवटचा कसोटी डाव.

अवघ्या ७ कसोट्या. ३५० धावा. ९ बळी. आजच्या पोरानं नुसते आकडे पाहिले तर म्हणेल, यात एवढं काय? पण कसोटी त्यांच्या वाट्याला आली तीच छत्तिशीत. उमेदीची वर्षं त्याआधीच सरून गेली होती. कप्तानी मिळाली ती राजानं सोडली म्हणून, आणि गेली ती दुसऱ्या राजाला हवी होती म्हणून.

इंदुरात संघ कसा उभा राहिला

देशाच्या कप्तानीचा दरवाजा असा बंद झाला. इंदूरचा मात्र उघडाच होता. रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली तेव्हा नायडू मध्य भारत संघाकडून खेळत. १९४१-४२ पासून हा संघ होळकर या नावानं उतरू लागला. तेव्हा नायडूंचं वय ४६. या वयात खेळाडू आठवणी सांगत बसतात. नायडूंची खरी कामगिरी इथून पुढची आहे.

त्यांनी माणसं हेरली. इंदूरचा मुश्ताक अली लहानपणीच त्यांच्या नजरेत भरला आणि त्यांच्याच हाताखाली घडला. परदेशात कसोटी शतक ठोकणारा पहिला भारतीय म्हणजे हाच मुश्ताक, १९३६ मध्ये मँचेस्टरला ११२. सागरचे चंदू सरवटे आले. १९४६ मध्ये ओव्हलवर सरेविरुद्ध शूट बॅनर्जींच्या साथीनं शेवटच्या जोडीसाठी २४९ धावांची भागीदारी करणारे ते हेच. महाराष्ट्राकडून ४४३ धावांची नाबाद खेळी करणारे भाऊसाहेब निंबाळकर होळकरांकडेही खेळले. नागपूरचे हिरालाल गायकवाड, माधवसिंह जगदाळे, भांडारकर, रांगणेकर, आणि जोडीला धाकटे भाऊ सी. एस. नायडू. खेळाडूंना संस्थानात नोकरी आणि फौजेत हुद्दे मिळत, म्हणून पोटाची चिंता नसे.

यादी पुन्हा वाचली की लक्षात येतं, निम्मा संघ मराठी. पण कप्तान तेलुगू, सलामीचा तारा मुसलमान, आणि महायुद्धाच्या काळात महूच्या छावणीत असलेला डेनिस कॉम्प्टन हा गोराही त्यात खेळून गेला. त्याच काळात मुंबईत हिंदू, मुस्लिम, पारशी असे धर्मावर बेतलेले संघ एकमेकांशी झुंजत होते. त्या स्पर्धेतल्या हिंदू संघाचं नेतृत्व नायडूंनीही केलं होतं. इंदुरात मात्र चेंडू कसा खेळतोस, एवढंच विचारलं जाई.

शिस्त कडक होती. वेळेवर यायचं, अंगात ताकद राखायची, चेंडू लागला तरी ती जागा चोळायची नाही. आपल्याला लागलंय हे प्रतिस्पर्ध्याला कळता कामा नये. फलंदाजी करायची ती गोलंदाजावर चालून जाण्यासाठी. होळकर संघाचा खेळ म्हणजे धडाका, ही ओळख याच शिकवणुकीतून आली. संघातली पोरं त्यांना वचकून असत. पाठीवर हात ठेवणारा गुरू हवा असलेल्यांना हा माणूस जड जाई, हेही खरं. पण नियम पोरांना एक आणि स्वतःला एक, असं त्यांनी केलं नाही.

९१२ धावा आणि सहा शतकं

१९४४-४५ मध्ये होळकर पहिल्यांदा रणजीच्या अंतिम सामन्यात पोचले. गाठ मुंबईशी, तीही मुंबईतच. सामना निकाल लागेपर्यंत खेळायचा होता. विजय मर्चंटनं दुसऱ्या डावात २७८ धावा काढल्या आणि होळकरांपुढे ८६७ धावांचं आव्हान ठेवलं गेलं. सी. एस. नायडूनं त्या सामन्यात एकट्यानं ९१७ चेंडू टाकले. एका प्रथम श्रेणी सामन्यात कुणी टाकलेले हे सर्वाधिक. धाकट्या भावाला एवढं राबवणारा कप्तान थोरला भाऊ होता. शेवटच्या डावात कॉम्प्टननं नाबाद २४९ केल्या तरी होळकर ३७४ धावांनी हरले. दोन्ही संघांच्या मिळून २०७८ धावा झाल्या.

एवढ्या मारानंतर एखादा संघ मोडून पडला असता. होळकर पुढच्याच वर्षी परत आले. १९४५-४६ च्या उपांत्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध त्यांनी ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला. भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, नायडू १०१, निंबाळकर १७२ आणि प्रताप सिंग १००. एका डावात सहा शतकं, आणि त्यातलं एक पन्नास वर्षांच्या कप्तानाचं! अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध याच कप्तानानं २०० धावा ठोकल्या. प्रथम श्रेणीतली ती त्यांची सर्वोच्च खेळी. ज्या वयात सरकारी माणूस निवृत्तीचे दिवस मोजू लागतो, त्या वयात. होळकर ५६ धावांनी जिंकले आणि रणजी करंडक पहिल्यांदा इंदूरला आला.

तिथून पुढे रांगच लागली. १९४७-४८ मध्ये मुंबईला हरवलं, १९५०-५१ मध्ये गुजरातला, १९५२-५३ मध्ये बंगालला. १९४४-४५ ते १९५२-५३ या नऊ हंगामांत होळकर आठ वेळा अंतिम सामना खेळले आणि चार वेळा जिंकले. दरम्यान १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. राजा राहिला नाही, राज्य राहिलं नाही, पण क्रिकेटच्या धावफलकावर होळकर हे नाव १९५४-५५ पर्यंत राहिलं.

दोन दात आणि पुढचा चेंडू

पन्नाशीच्या मध्यावर असताना मुंबईविरुद्धच्या एका रणजी सामन्यात दत्तू फडकरचा उसळता चेंडू नायडूंच्या तोंडावर बसला. दोन दात पडले. मैदानातले सगळे धावले. नायडूंनी खेळपट्टीवर पडलेले दात बाजूला सारले आणि पुन्हा पवित्रा घेतला. फडकर पुढचा चेंडू जरा दबकत टाकू लागला तर त्याला नेहमीसारखाच टाकायला बजावलं, असं जुने लोक सांगतात. लागलं तर चोळायचं नाही, हा नियम त्यांनी वीस-बावीस वर्षांच्या पोरांना घालून दिला होता. स्वतःवर वेळ आली तेव्हा तो मोडला नाही.

१९५३-५४ मध्ये आंध्रचा संघ पहिल्यांदा रणजीत उतरला, तेव्हा त्यांनीही कप्तान म्हणून नायडूंनाच आणलं. १९५६-५७ मध्ये, साठी उलटल्यावर, ते उत्तर प्रदेशचे कप्तान होते. राजस्थानविरुद्ध ८४ धावा करताना त्यांनी विनू मांकडसारख्या गोलंदाजाला षटकार मारले. १९६३-६४ मध्ये वयाच्या ६८ व्या वर्षी ते एका मदतनिधी सामन्यात शेवटचं खेळले. १९१६ ला सुरुवात आणि १९६३-६४ ला शेवट. २०७ प्रथम श्रेणी सामने, ११,८२५ धावा, २६ शतकं, ४११ बळी.

मधल्या काळात राष्ट्रीय निवड समितीचं काम झालं. १९५६ मध्ये पद्मभूषण मिळालं, क्रिकेटपटूला मिळालेलं पहिलं. त्याआधी १९४१ मध्ये एका टॉनिकच्या जाहिरातीत त्यांचं नाव झळकलं होतं. तेही भारतीय क्रिकेटपटूंमध्ये पहिलंच. १९६७ मध्ये ते गेले तेव्हा होळकर संघ इतिहासजमा होऊन एक तप झालं होतं.

६९ वर्षांनी

होळकरांचा वारसा मध्य प्रदेश संघाकडे आला, पण करंडक काही आला नाही. एकदा हाताशी येऊन निसटला. १९९८-९९ च्या अंतिम सामन्यात बंगळुरूला मध्य प्रदेश कर्नाटकाकडून हरला. त्या संघाचा कप्तान होता मुंबईहून आलेला चंद्रकांत पंडित.

पुढे हेच पंडित प्रशिक्षक झाले. विदर्भानं त्यांना नागपूरला नेलं आणि लागोपाठ दोन वर्षं विदर्भ रणजी विजेता ठरला. त्यातला पहिला विजय १ जानेवारी २०१८ रोजी मिळाला तो इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. नागपूरचा संघ होळकरांच्या नावाच्या मैदानावर पहिल्यांदा रणजी जिंकला! मग २०२० मध्ये मध्य प्रदेशनं पंडितांना बोलावलं. नागपूरला नाव काढलेल्या माणसाला इंदूरकरांनी आणण्याची ही दुसरी खेप. कडक शिस्तीचा म्हणून हाही माणूस प्रसिद्ध. जून २०२२ मध्ये त्याच बंगळुरूच्या मैदानावर मध्य प्रदेशनं मुंबईला सहा गडी राखून हरवलं. १९५२-५३ मध्ये नायडूंनी उचललेला करंडक ६९ वर्षांनी या प्रदेशात परतला.

आज बऱ्हाणपूरचं पोरगं क्रिकेटमध्ये पुढे जायचं म्हटलं की इंदूरची वाट धरतं. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या रावेरचं पोरगं महाराष्ट्राच्या संघासाठी धडपडतं, आणि पलीकडे जळगाव जामोदचं पोरगं विदर्भाच्या. बोली जवळजवळ एक, खेळण्याची मैदानंही सारखीच उघडीबोडकी, पण संघ तीन. यातलं जे २३ वर्षांखालच्या गटात चमकतं, ते ज्या राष्ट्रीय करंडकासाठी खेळतं त्याचं नाव आहे कर्नल सी. के. नायडू करंडक. तिन्ही संघांची पोरं तिथं एकमेकांसमोर येऊ शकतात.